यादीबाहेरचा कोपरा

लेखमाला : परदेश पाहताना – लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण परदेशातल्या मोठ्या संग्रहालयांत वेळ कसा वाटून घ्यायचा, ते पाहिलं. आजचा विषय त्या संग्रहालयांच्या दाराबाहेरचा आहे.

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडची मुलंही आता अमेरिकेत, युरोपात नोकरीला असतात आणि त्यांचे आईवडील दोन-चार महिने तिकडे राहून येतात. सुरुवातीच्या सुट्ट्यांत नावाजलेली ठिकाणं बघून होतात. मग मुलगा-सून कामाला लागतात आणि मोकळे दिवस समोर उभे राहतात. या दिवसांसाठी माझा सल्ला असा : एखाद्या साध्या माणसानं, कुणी सांगितलं नसताना, स्वतःच्या हातांनी उभारलेलं काहीतरी शोधा. प्रवासी पुस्तकं अशा जागांना शेवटच्या पानावर 'विचित्र' या सदरात टाकतात. पण राजवाडे आणि विजयकमानी बघताना देश आपली ठेवणीतली बाजू दाखवत असतो. त्याचा खरा स्वभाव या शेवटच्या पानावर कळतो.

फ्रान्सच्या द्रोम भागातलं ओत्रीव हे गाव घ्या. तिथले पोस्टमन फर्दिनां शेव्हाल रोज तीसेक किलोमीटर पायी फिरून टपाल वाटत. १८७९ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, वाटेत त्यांना एका दगडाची ठेच लागली. दगडाचा आकार इतका मनात भरला की त्यांनी तो खिशात घातला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी आणखी दगड सापडले. खिसे पुरेनात म्हणून टोपली आली, टोपली पुरेना म्हणून एकचाकी ढकलगाडी. दिवसा टपाल आणि रात्री कंदिलाच्या उजेडात बांधकाम, असं सुरू झालेलं हे काम तेहेतीस वर्षं चाललं. १९१२ साली सुमारे २६ मीटर लांबीचा दगडी महाल पुरा झाला. गवंडीकाम त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

मराठी माणसानं या महालाच्या पश्चिमेकडच्या अंगाला आवर्जून थांबावं. तिथे शेव्हाल यांनी मशिदीच्या शेजारी एक हिंदू देऊळ घडवलं आहे. ते भारतात कधीच आले नव्हते. त्यांच्या पिशवीतून जाणारी चित्रांची कार्डं आणि सचित्र मासिकं हाच त्यांचा जगप्रवास. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच खेड्यात आपला देश कसा कल्पिला जात होता, ते तिथे दगडात वाचता येतं.

या महालातच आपल्याला पुरावं, अशी शेव्हाल यांची इच्छा होती. परवानगी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी पुढची आठ वर्षं खपून गावच्या दफनभूमीत स्वतःची कबर बांधली. १९२४ साली ते गेले. १९६९ साली सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी महालाला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला आणि तो कायमचा सुरक्षित झाला.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कामगारवस्तीत असेच मनोरे आहेत. सायमन रोडिया हे इटलीहून आलेले मजूर. १९२१ ते १९५४ अशी तेहेतीस वर्षं त्यांनीही एकट्यानं काम केलं. लोखंडी सळया जवळच्या रेल्वेरुळांत अडकवून वाकवायच्या, त्यांना तारेची जाळी गुंडाळायची, वर सिमेंटचा गिलावा द्यायचा आणि त्यात फुटक्या बाटल्या, फरशांचे तुकडे, शिंपले बसवायचे. फुटकी भांडी आजूबाजूची मुलं आणून देत. पहाड बांधलेली नसे; कमरेला पट्टा बांधून ते वर चढत. सर्वांत उंच मनोरा तीस मीटरच्या आसपास आहे. काम संपल्यावर त्यांनी ती जागा शेजाऱ्याला देऊन टाकली आणि गाव सोडलं.

पुढे नगरपालिकेनं मनोरे धोकादायक ठरवले आणि पाडायचा हुकूम काढला. ते वाचवायला नागरिकांची समिती उभी राहिली. एका अभियंत्यानं सुचवलं की मनोऱ्याला ताण देऊनच बघा. ऑक्टोबर १९५९ मध्ये यंत्रानं दहा हजार पौंडांचा, म्हणजे साडेचार हजार किलोंच्या घरातला, ताण दिला. मनोरा ढळला नाही. हुकूम रद्द झाला आणि १९९० साली मनोऱ्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा मान मिळाला.

आपल्याकडची चंदीगडची रॉक गार्डन याच जातकुळीतली. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक होते. फाळणीत त्यांचं गाव पाकिस्तानात राहिलं. नवं चंदीगड उभारताना पाडलेल्या खेड्यांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्या गोळा करून त्यांनी १९५७ च्या सुमारास राखीव वनजमिनीत गुपचूप एक नगरी वसवायला घेतली. १९७५ मध्ये ती उघडकीला आली. कायद्यानं ती पाडायला हवी होती. प्रशासनानं उलट १९७६ मध्ये ती लोकांना खुली केली आणि त्यांना मदतीला मजूर दिले. पुढे बागेचा काही भाग पाडायला यंत्रं आली, तेव्हा शहरातले लोक आडवे उभे राहिले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शबॉयगन इथल्या कोलर कलाकेंद्रात नेकचंद यांच्या मूर्तींचा मोठा संग्रह आहे. तिकडे मुक्कामी असाल, तर एक दिवस त्याला द्या.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक रीत हाती लागते. अशा ठिकाणी गेल्यावर तीन प्रश्न विचारावेत. हे कशातून केलं? कोणत्या वेळात केलं? आणि हे कोणी वाचवलं? पहिल्या दोन प्रश्नांतून तो माणूस कळतो. तिसऱ्यातून त्याचा समाज. कुठे एक मंत्री उभा राहिला, कुठे नागरिकांची समिती, कुठे अख्खं शहर. वेगळं काम करणारा माणूस कुठेही जन्मतो. त्याचं काम टिकतं मात्र जिथे कुणीतरी त्याच्या बाजूनं उभं राहतं तिथेच. म्हणून तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो.

ही नजर कमवायला विमानाचं तिकीट लागत नाही. औंढा नागनाथला आपण सगळेच गेलेलो आहोत. रांगेत उभं राहायचं, अरुंद पायऱ्यांनी खालच्या लहानशा गाभाऱ्यात उतरायचं, दर्शन घ्यायचं आणि निघायचं. पुढच्या वेळी देवळाबाहेर तासभर जास्त राहा आणि भिंतींजवळून सावकाश फिरा. एका कोपऱ्यात रुसलेली पार्वती आहे आणि तिची समजूत काढणारे शंकर आहेत. ज्योतिर्लिंगाच्या भिंतीवर शिल्पकारानं घराघरांतला रुसवा कोरला आणि त्यासाठी जागा निवडली कोपऱ्याची. घाईनं जाणाऱ्याला ते दिसणार नाही.

मग मान वर करा. खालचा भाग यादवकाळातल्या कोरीव दगडाचा, वरचा भाग नंतरच्या काळातल्या बांधणीचा. मोडलेलं देऊळ पुन्हा उभं करणाऱ्यांत अहिल्याबाई होळकरांचं नाव परंपरेनं घेतलं जातं. दगड संपून नवं बांधकाम जिथे सुरू होतं, ती रेघ म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

इथला नंदीही देवासमोर नाही, देवळाच्या मागच्या बाजूला आहे. संत नामदेवांना कीर्तन करताना मागे हटवलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेवांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नर्सी आपल्याच जिल्ह्यात आहे. पण ही कथा जिल्ह्यात राहिली नाही. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग त्यांतही येतो. कॅनडात किंवा इंग्लंडमध्ये एखादा शीख शेजारी भेटला, तर त्याला औंढ्याच्या नंदीबद्दल सांगा. ओळख तिथेच होईल.

परदेशात अशा जागा शोधायच्या कशा? 'ॲटलस ऑब्स्क्युरा' हे २००९ पासून चालणारं संकेतस्थळ जगभरच्या अशा ठिकाणांची नोंद ठेवतं. त्याहून चांगला मार्ग म्हणजे गावातलं पर्यटन माहिती केंद्र आणि सार्वजनिक वाचनालय. तिथल्या माणसाला विचारा, 'इथल्या लोकांना आवडणारं, पण बाहेरच्यांना ठाऊक नसलेलं काय आहे?' लहान ठिकाणं ठरावीक वारीच उघडी असतात आणि हिवाळ्यात काही बंदही राहतात, म्हणून निघण्याआधी फोन करा.

वागण्याची एक मर्यादाही पाळायला हवी. चेक प्रजासत्ताकात कुत्ना होराजवळ सेडलेट्स इथे हजारो माणसांच्या अस्थींनी सजवलेलं प्रार्थनास्थळ आहे. साथीत आणि युद्धांत गेलेल्या माणसांच्या या अस्थींची आजची मांडणी १८७० साली फ्रांतिशेक रिंट या लाकूडकाम करणाऱ्या कारागिरानं केली. लोक हसत सेल्फी काढू लागले, तेव्हा २०२० पासून तिथे परवानगीशिवाय फोटो काढायला बंदी आली. जागा कितीही नवलाची असो, ती कुणाची तरी श्रद्धा असते, कुणाचं तरी मरण असतं.

आता एक अनपेक्षित दार दाखवतो : विज्ञानाच्या प्रयोगशाळा. शिकागोजवळच्या फर्मीलॅबचे पहिले संचालक रॉबर्ट विल्सन भौतिकशास्त्रज्ञ होते आणि शिल्पकारही. तिथल्या प्रवेशमार्गावरची त्यांची पोलादी कमान बाजूनं पाहिली तर बेडौल दिसते, बरोबर खाली उभं राहून वर पाहिलं की रेखीव, समतोल दिसते. त्याच आवारात १९६९ पासून त्यांनी बायसनचा कळप पाळला. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेच्या आवारात भारतानं २००४ साली भेट दिलेली दोन मीटर उंचीची नटराजाची मूर्ती आहे.

हे दार हिंगोलीकरांसाठी खास आहे. औंढा तालुक्यात दुधाळा परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे तिच्या थोरल्या बहिणी आहेत. तिकडे गेलात तर त्या जरूर पाहा.

वेधशाळा सुरू झाली की तिथले शास्त्रज्ञ आपल्याकडे येतील. त्यांच्यासाठी हिंगोली हा परदेश असेल आणि त्यांच्याजवळही एखादा मोकळा रविवार असेल. 'इथे यादीबाहेरचं काय आहे?' असं ते आपल्याला विचारतील. उत्तर आपल्याजवळ भरपूर आहे. मराठवाड्यात गावोगाव वेशीपाशी, मारुतीच्या पाराजवळ, चिंचेखाली वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव नाही. कुणी गुरं वाचवताना पडलेला, कुणी गाव राखताना. आज त्यांच्यावर ऑइल पेंट चढतो, रस्ता रुंद करताना ते उखडून नाल्यात पडतात. हे बघून जीव तुटतो.

ओत्रीवच्या पोस्टमनचं काम वाचलं, वॉट्सचे मनोरे वाचले, कारण कुणीतरी वेळेवर पुढे आलं. आपल्या गावातल्या वीरगळांचे फोटो काढा, जागा लिहून ठेवा, ग्रामपंचायतीत त्यांची नोंद करायला लावा, रंग देऊ नका आणि कुणी देत असेल तर समजावून थांबवा. शाळेतल्या मुलांना हाताशी धरा. कुठे काही हलवलं जात असेल, तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा. परदेशात जाऊन 'हे कोणी वाचवलं?' असं विचारण्याचा अधिकार आपल्याला या कामातून मिळतो.

(पुढच्या आठवड्यात : एका माणसाच्या छंदातून उभी राहिलेली संग्रहालयं – पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयापासून सुरुवात.)