मापक गोठला तरी धोका थांबला पाहिजे : डिजिटल संकेत आणि सुरक्षा इंटरलॉक

इंग्लंडमधील बन्सफील्ड इंधन साठवण केंद्रात ११ डिसेंबर २००५ रोजी पहाटे पेट्रोलची टाकी भरून वाहू लागली आणि सहा वाजून एक मिनिटाने प्रचंड स्फोट झाला. रविवार असल्याने जीवितहानी टळली. मात्र चाळीसहून अधिक जण जखमी झाले. टाकीच्या पातळीमापकाचा आकडा तीनच्या सुमारासच गोठला होता, पेट्रोल मात्र येतच होते. धोक्याची सूचनाही त्याच मापकावर अवलंबून असल्याने ती वाजली नाही. पुरवठा आपोआप तोडणारा स्वतंत्र स्विच होता. परंतु त्याच्या चाचणी-दांड्याला आवश्यक असलेले कुलूप बसवलेले नसल्याने तोही निकामी ठरला.

कारखान्यांतील दाब, तापमान, प्रवाह व पातळी मोजणारी बहुसंख्य उपकरणे आपले मापन ४ ते २० मिलिअँपिअर विद्युतप्रवाहाच्या रूपात पाठवतात. मापन शून्य असले तरी ४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्यामुळे तार तुटून प्रवाह थांबला, तर बिघाड तत्काळ ओळखता येतो. १९८०च्या दशकात आलेल्या ‘हार्ट’ पद्धतीने त्याच तारांवरून डिजिटल संकेतही धाडण्याची सोय केली. पुढे ‘फील्डबस’ पद्धतींत मापनच पूर्णतः डिजिटल झाले. एकाच तारेवर अनेक उपकरणे जोडता येऊ लागली आणि उपकरण स्वतःचा बिघाडही कळवू लागले.

तथापि, डिजिटल संदेशाचे धोके निराळे आहेत. तो हरवू शकतो, उशिरा पोहोचू शकतो किंवा जुनाच आकडा पुन्हा येऊ शकतो. म्हणून ‘प्रोफीसेफ’सारख्या सुरक्षा पद्धतींत प्रत्येक संदेशासोबत क्रमांक, कालमर्यादा आणि पडताळणी संकेतांक असतो. वेळेत योग्य संदेश न आल्यास यंत्रणा आपण होऊन सुरक्षित अवस्थेत जाते, उदाहरणार्थ, इंधनाची झडप बंद होते.

मात्र संदेश अचूक पोहोचला तरी मूळ मापकच चुकला असेल, तर काय? यासाठीच नियंत्रण आणि सुरक्षा यांची फारकत केली जाते. प्रक्रिया-उद्योगांतील सुरक्षा यंत्रणांसाठीचे ‘आयईसी ६१५११’ हे आंतरराष्ट्रीय मानक २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. सुरक्षा साखळीतील मापक, नियंत्रक आणि झडप शक्यतो स्वतंत्र असावेत, हे त्यामागील प्रमुख तत्त्व आहे. अतिजोखमीच्या ठिकाणी तीन मापक बसवून त्यांपैकी दोघांचा कौल ग्राह्य धरतात. त्यामुळे एकाच्या चुकीने कारखाना विनाकारण बंद पडत नाही आणि एक निकामी झाल्यास संरक्षणही हरपत नाही.

भारतानेही याची किंमत मोजली आहे. जयपूरजवळील सीतापुरा येथील इंधन केंद्रात २९ ऑक्टोबर २००९ रोजी पेट्रोलची गळती होऊन भीषण आग लागली. गळती दुरून रोखण्याची सोय त्या वेळी कार्यरत नव्हती.

सुरक्षा इंटरलॉक वर्षानुवर्षे निष्क्रिय उभा असतो. त्यामुळे त्यातील दोष नित्याच्या कामकाजात दिसत नाही. ठरावीक मुदतीने मापकापासून झडपेपर्यंत संपूर्ण साखळीची चाचणी घेणे, देखभालीसाठी इंटरलॉक तात्पुरता वगळल्यास त्याची लेखी नोंद ठेवणे आणि काम संपताच तो पूर्ववत करणे, ही शिस्त म्हणूनच अनिवार्य ठरते. बन्सफील्ड येथे स्वतंत्र स्विच होता. तो प्रसंगी चालेल याची खात्री मात्र कोणी केलेली नव्हती.