सायबर सुरक्षा : कला-वाणिज्याच्या वर्गांत



‘सायबर सुरक्षा’ हे शब्द कानीं पडतांच, हा विषय संगणक शिकणाऱ्यांचा, आपला नव्हे, असें बहुतेकांस वाटतें. वस्तुतः ज्याच्या हातीं मोबाइल आणि नांवावर बँकेचें खातें आहे, त्या प्रत्येकाचा तो विषय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें पदवी व पदव्युत्तर वर्गांसाठीं त्याचा अभ्यासक्रमही प्रसिद्ध केला. कला आणि वाणिज्य शाखांत तो कां व कसा शिकवावा, एवढाच आजचा प्रश्न.

प्रथम एक उदाहरण पाहूं. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ सालची जुनी संस्था. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजीं तिच्यावर घाला पडला आणि सुमारें ९४ कोटी रुपये गेले. चोरांनीं बँकेच्या यंत्रणेच्या जागीं एक तोतया यंत्रणा उभी केली. बनावट कार्ड ए. टी. एम.मध्यें घातलें कीं, तीच ‘पैसे द्या’ असा हुकूम देई. ही करामत निष्णातांची खरी. परंतु देशोदेशींच्या यंत्रांसमोर उभे राहून नोटा काढणारे हात निष्णातांचे असण्याची गरज नव्हती. २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें या प्रकरणांत अकरा जणांस शिक्षा ठोठावली.

असे हात आजही शोधले जातात. “तुझें खातें महिनाभर वापरूं दे, कांहीं हजार मिळतील,” असें आमिष विद्यार्थ्यांस दाखविलें जातें. आमच्या चिखली तालुक्यांतील अमडापूरसारख्या गांवचा मुलगा शहरांत शिकावयास जातो; त्याला ही कमाई निरुपद्रवी वाटावी यांत नवल नाहीं. पण त्या खात्यांत येणारा पैसा कोणाच्या तरी जन्मभराच्या पुंजीचा असतो, आणि पोलिसांस प्रथम सांपडतें तें खातेदाराचें नांव. येथें यंत्राचें ज्ञान उणें पडत नाहीं. कायद्याचें ज्ञान आणि सारासार विवेक उणा पडतो.

म्हणूनच या शिक्षणाचें खरें स्थान कला-वाणिज्याच्या वर्गांत आहे. राज्यशास्त्राच्या तासाला २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा शिकवितां येईल. ‘डिजिटल अरेस्ट’ नांवाची अटक आपल्या कायद्यांत मुळींच नाहीं, हें तेथेंच समजेल. वाणिज्याच्या विद्यार्थ्यास सांगावें कीं, यू. पी. आय.वर पिन लागतो तो पैसे देण्यासाठीं, घेण्यासाठीं नव्हे. मानसशास्त्राच्या वर्गांत भय, लोभ आणि घाई यांच्या जोरावर माणूस कसा वश केला जातो, याची चर्चा व्हावी. फसवणुकीचे संदेश वर्गांत वाचून त्यांतील खोच विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावी. नुसत्या व्याख्या पाठ करून हें साधणार नाहीं.

हींच मुलें उद्यां पतसंस्थेंत कारकून, शाळेंत शिक्षक, कचेरींत लेखनिक होतील. शेंकडो लोकांचीं नांवें, आधार क्रमांक आणि हिशेब त्यांच्या स्वाधीन असतील. एकाच्या निष्काळजीपणाचें मोल अनेकांस द्यावें लागेल.

आणखी एक सूचना. प्रत्येक विद्यार्थ्यास परीक्षेपूर्वीं घरच्या एका वडीलधाऱ्या माणसास हा धडा शिकविण्यास सांगावें. फसवणूक होतांच १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळविल्यास गेलेला पैसा वाटेंतच अडविण्याची शक्यता असते. लाजेनें गप्प बसण्यांत मात्र तोच मोलाचा वेळ दवडला जातो. एवढी एक गोष्ट जरी घरोघरीं पोंचली, तरी त्या तासाचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.