मेगुतीच्या पायऱ्या

गेल्या डिसेंबरात थंडीत पहाटेच कोगनोळी सोडली आणि दुपारी ऐहोळे गाठले. सासूबाईंचे माहेर बागलकोटकडचे, माझे कागलचे; घरात सीमेचा विषय आम्ही दोघीही काढत नाही.

गुडघे कुरकुरत असूनही त्या मेगुतीची टेकडी चढल्याच. वरच्या जैन मंदिराच्या भिंतीत रविकीर्तीचा इ. स. ६३४ चा शिलालेख आहे. भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड. कन्नड शाळेत शिकलेल्या सासूबाईंना एक अक्षर लागेना! दुसरा पुलकेशी ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला, असे त्यात आहे, हे मी सांगितले.

“हौदा? मग तुझं-माझं माहेर एकाच राज्यात होतं की गं!”

उतरताना त्यांनी माझा हात धरला. खाली भाकरी, शेंगाचटणी सोडली.