तडा शेवटच्या थेंबात

रत्नागिरी जिल्ह्यात ॲल्युमिनियम पायाखालीच आहे. मंडणगड-दापोलीच्या सड्यांवर बॉक्साइट सापडते. आपल्या घरांच्या भिंतींतला जांभा हे त्याचेच लोखंडाने लालबुंद झालेले भावंड. हाच धातू समुद्रातही उतरतो. तटरक्षक दलाच्या वेगवान इंटरसेप्टर बोटींचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो, कारण त्याचे वजन पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश.

पण पत्र्याला पत्रा जोडताना तो वेल्डरची परीक्षा पाहतो. सांधा चकचकीत दिसतो आणि गार होता होता मधोमध केसासारखी भेग पडते.

वितळलेले ॲल्युमिनियम गोठताना आकारमानाने ६ टक्क्यांहून अधिक आकसते. ६०६१ हा मिश्रधातू ६५२ अंश सेल्सिअसला गोठू लागतो, तो ५८२ अंशांपर्यंत पुरता गोठतो. शेवटी स्फटिकांच्या मध्ये द्रवाची पातळ साय उरते. आजूबाजूचा घट्ट पत्रा सांध्याला ओढत असतो. फट भरायला द्रव शिल्लक असेल तर ती बुजते, नसेल तर तडा जातो.

ॲल्युमिनियममध्ये मिसळलेल्या सिलिकॉनचा स्वभाव इथे चकित करतो. ते अर्धा ते एक टक्का असेल तर भेगेचा धोका सर्वाधिक, पाच टक्क्यांच्या आसपास गेले की तो झपाट्याने उतरतो. कारण शेवटी गोठणारा द्रव आता मुबलक असतो. म्हणून ६०६१ जोडताना सुमारे ५ टक्के सिलिकॉनची ४०४३ ही फिलर तार वापरतात. तार आणि पत्रा वितळून एकत्र होतात, त्यामुळे सांध्याचे रसायन दोघांच्या मिश्रणाने ठरते.

बोटींच्या ५०८३ पत्र्यात मात्र ४ टक्क्यांहून अधिक मॅग्नेशियम असते. तिथे ४०४३ वापरली, तर मॅग्नेशियम व सिलिकॉनचे ठिसूळ संयुग तयार होते. म्हणून तिथे सुमारे ५ टक्के मॅग्नेशियमची ५३५६ किंवा ५१८३ तार लागते.

विमानांतला बळकट ७०७५ तर ६३५ ते ४७७ अंश इतक्या रुंद पट्ट्यात गोठतो. आर्क वेल्डिंगने तो जोडताच येत नाही, असेच दशकानुदशके मानले गेले. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी ७०७५ च्याच तारेत टायटॅनियम कार्बाइडचे नॅनोकण मिसळले. कणांभोवती बारीक, गोलसर स्फटिक जमले, शेवटच्या द्रवाची मांडणी बदलली आणि सांधा तडा न जाता जुळला.

वेल्डिंग शिकणाऱ्या मुलांना आपण हात स्थिर ठेवायला शिकवतो. तारेच्या रिळावरचा चार अंकी आकडा वाचायलाही तितक्याच आस्थेने शिकवायला हवे. हात कितीही स्थिर असला, तरी चुकीच्या तारेने घातलेला सांधा गोठतानाच फाटू शकतो.