खोगीरभरती : बदनाम शब्दामागची हत्यारे

पाने भरण्यासाठी घेतलेल्या मजकुराला संपादक ‘खोगीरभरती’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे : खोगिरात भरायचा माल. भरण शिवणीआड जाते, कोणाला दिसत नाही; मग चिंध्या कोंबल्या तरी काय बिघडले, या हिशेबातून त्याला ‘टाकाऊ’ हा अर्थ चिकटला असावा. घोड्याच्या पाठीला हा हिशेब चालत नाही.

नागपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. १७४२ मध्ये रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर गेले. तिकडच्या लोकांनी या स्वारांना ‘बर्गी’ म्हटले. हा आपलाच ‘बारगीर’, म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. शेकडो मैलांच्या मजलीत घोड्याची पाठ सोलवटली, की शिलेदाराची रोजीच बसली. ती पाठ सांभाळणारा कारागीर म्हणजे जिनगर. त्याच्या नावातच जीन आहे. पुढे १८२१ मध्ये कामठीला इंग्रजांची छावणी वसली.

इंग्रजी धर्तीच्या जिनाखाली कण्याच्या दोन्ही अंगांना लोकर भरलेल्या दोन लांबट गाद्या असतात आणि मधे पन्हळ. स्वाराचे वजन गाद्यांनी पेलायचे. कण्यावर भार येता कामा नये. वापराने लोकर दबते, तिच्या गाठी होतात, घोड्याचे अंगही भरते किंवा उतरते. म्हणून भरण वेळोवेळी बदलावे लागते.

आधी माप. वाकवू तशी राहणारी पट्टी खांद्याच्या फऱ्यामागे, पाठीवर आडवी दाबून बसवतात आणि तो आकार कागदावर उतरवतात. मग गादीची चीर उसवून आकडीने जुनी लोकर काढतात. नवी लोकर हाताने पिंजून मोकळी करतात. भरणाची सळई लांब, चपटी, टोकाला खाच असलेली. खाचेत लोकरीचा लहानसा झुबका धरून तो पार कोपऱ्यापर्यंत पोचवायचा. एकदम मोठा गोळा ढकलला, तर तिथेच गाठ बसते. आत गेलेली लोकर कातड्यावरून आरी टोचून सरकवतात, मोगरीने हलके ठोकून सपाट करतात. शेवटी दाभण आणि मेण लावलेला दोरा. अखेरची तपासणी तळहाताची : डोळ्याला न दिसणारी गाठ हाताला लागते. काही दिवसांच्या स्वारीनंतर नवी लोकर बसते. तेव्हा पुन्हा पाहून कमीजास्त करावे लागते.

हे काम चुकल्याची तक्रार घोडा बोलून करत नाही, पण त्याची पाठ करते. वरातीच्या घोडीचे जीन उतरले, की पाठीकडे पाहावे. दोन्ही बाजू घामाने सारख्या भिजलेल्या असतील तर ठीक. भिजलेल्या पाठीत एखादाच कोरडा ठिपका दिसला, तर तिथे दाब जास्त पडत असल्याची शंका घ्यावी. जिनाखालच्या गडद केसांत पांढरे केसांचे चट्टे दिसले, तर बहुधा ती जुनी इजा असते. गेलेला रंग सहसा परत येत नाही. अशा वेळी घोडीवाल्याला आधी जिनातले भरण उघडून पाहायला सांगावे.