मोतीच्या छातीतला मर्मर

आमच्या शेजारी मोती नावाचा पॉमेरेनियन कुत्रा आहे. दोन वर्षांपूर्वी, तो दहा वर्षांचा असताना, त्याला लस टोचायला नेले होते. पशुवैद्यांनी त्याच्या छातीला स्टेथॉस्कोप लावला, जरा जास्तच वेळ ऐकले आणि म्हणाले, "याच्या हृदयात मर्मर आहे." झाले! मोतीचे फिरणे बंद झाले, चेंडू माळ्यावर गेला. त्या घरची मुलगी तेव्हा सातवीत होती. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. "काका, मोतीला मर्मर झालाय. आता तो किती दिवस जगेल?"

मित्रांनो, तिच्या प्रश्नातच एक चूक होती. मर्मर हे रोगाचे नाव नव्हे, ते एका आवाजाचे नाव आहे.

हा आवाज कसा निघतो? बागेला पाणी घालायची रबरी नळी घ्या. तोटी थोडी उघडली तर पाणी निमूट वाहते. आता नळी मध्येच बोटांनी चिमटा. लगेच 'सूं' असा आवाज येईल आणि बोटांना थरथर जाणवेल. ऑसबॉर्न रेनल्ड्झ या इंग्लंडमधील शास्त्रज्ञाने 1883 साली काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून हेच डोळ्यांनी दाखवले. वेग कमी असताना रंगाचा धागा सरळ राहिला. वेग एका मर्यादेपलीकडे जाताच तो विस्कटला, पाण्यात भोवरे झाले. प्रवाह असा क्षुब्ध होणे हे त्याच्या वेगावर, नळीच्या रुंदीवर आणि द्रव किती दाट किंवा पातळ आहे यावर अवलंबून असते.

रक्तालाही हाच नियम लागू आहे. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात कुत्र्याच्या अंगातील रक्त कमी होते. उरलेले रक्त पातळ असते व वेगाने धावते, म्हणून हृदय धडधाकट असूनही मर्मर उमटतो. रक्त भरून आले की तो नाहीसा होतो. पुष्कळ पिल्लांतही हलका मर्मर असतो. तो बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप जातो.

मोतीचे कारण मात्र वेगळे होते. हृदयाची डावी कर्णिका (अलिंद) आणि डावी जवनिका (निलय) यांच्यामध्ये द्विदल झडप असते. लहान चणीच्या जातींत उतारवयात ही झडप जाड व वेडीवाकडी होते. तिच्या पाकळ्या नीट मिटत नाहीत. मग जवनिका आकुंचन पावली की थोडे रक्त फटीतून उलटे कर्णिकेत शिरते, आणि 'लब्-डब्' ऐवजी 'लब्-श्श्श्-डब्' असे ऐकू येते.

मर्मराच्या मोठेपणाच्या सहा प्रती मानतात. पहिल्या प्रतीचा मर्मर शांत खोलीत, कान देऊन ऐकला तरच कळतो. पाचव्या-सहाव्या प्रतीत छातीवर ठेवलेल्या तळहाताला कंप जाणवतो. पण आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असे नेहमीच नसते. दोन जवनिकांमधील पडद्याला जन्मतः बारीक भोक असेल, तर मर्मर दणदणीत आणि धोका थोडा. उथळ पाण्याला खळखळाट फार! उलट डोबरमनमध्ये हृदयाचा स्नायूच दुबळा होण्याचा आजार आढळतो आणि तो बळावला तरी कधीकधी मर्मर मुळीच नसतो.

म्हणून नुसते ऐकून भागत नाही. क्ष-किरणांनी आणि ध्वनिलहरींनी, म्हणजे सोनोग्राफीने, हृदय वाढले आहे का ते पाहावे लागते. झडप गळते, हृदय वाढले आहे, पण अजून त्रास नाही, अशा 360 कुत्र्यांवरील चाचणीचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. पिमोबेंडान हे औषध दिलेल्या कुत्र्यांत हृदय थकण्याची अवस्था सुमारे पंधरा महिने लांबली. पंधरा महिने हा कुत्र्याच्या आयुष्यात लहान काळ नव्हे. ज्यांचे हृदय वाढलेलेच नाही, त्यांना मात्र हे औषध सहसा देत नाहीत.

मोतीचे हृदय वाढलेले निघाले. गोळ्या सुरू झाल्या. फिरणेही पुन्हा सुरू झाले, मात्र त्याच्या चालीने, भर उन्हात नव्हे. गळ्यातला पट्टा जाऊन छातीचा पट्टा आला. पापड, फरसाण, लोणचे बंद, कारण मिठाने शरीरात पाणी साठते. (पापड बंद झाल्याचे दुःख मोतीपेक्षा आजीलाच जास्त झाले.)

आणि त्या मुलीकडे एक काम आले. झडप फार गळू लागली की डाव्या कर्णिकेतील दाब वाढतो, तो मागे फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत पोचतो व वायुकोशांत पाणी झिरपते. मग तेवढाच प्राणवायू मिळवण्यासाठी श्वास भरभर घ्यावा लागतो. हा बदल पुष्कळदा खोकला किंवा धाप लागण्याआधीच दिसतो, आणि तो मोजायला घड्याळ पुरे. कुत्रा गाढ झोपला की छाती वर आली व खाली गेली, हा एक श्वास धरायचा. मिनिटभर मोजायचे. स्वप्नात पाय झाडत असेल तर थांबायचे. धापा टाकत असेल तेव्हाही मोजू नये. कुत्रा अंगातील उष्णता तशीच बाहेर टाकतो. झोपेतला आकडा तीसच्या आत हवा.

तिच्या वहीत दीड वर्ष 20, 22, 19, 23 असेच आकडे होते. गेल्या हिवाळ्यात एका रात्री 36 आला. अर्ध्या तासाने पुन्हा मोजले, 41. मोती खोकत नव्हता. संध्याकाळी जेवलाही होता. तरी तिने वडिलांना उठवले. फुप्फुसांत पाणी उतरू लागले होते. लघवी वाढवून ते पाणी काढणारे इंजेक्शन त्याच रात्री मिळाले आणि पहाटेपर्यंत आकडा उतरला.

मोती आता बारा वर्षांचा आहे. झडप दुरुस्त झालेली नाही, गोळ्या वाढल्या आहेत. मुलगी नववीत गेली. परवा वही दाखवायला आली होती. शेवटचा आकडा 24, आणि पुढे बारीक अक्षरांत लिहिले होते : 'एकदा घोरला, तो धरलेला नाही.'