मोटारीचा ब्रेक : आधी काय बदलावे?

सोलापूरच्या नवी पेठेतल्या गर्दीत मोटार हळू चालते. तिथे ब्रेक फारसा तापत नाही. पण तुळजापूरचा घाट उतरताना तोच ब्रेक चांगला तापतो. कारण गाडीची गती ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. वेग दुप्पट, तर उष्णता चौपट! गुरुजींनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे.

“मग मोठ्या डिस्क, शर्यतीचे पॅड बसवू का?” असे पुष्कळजण विचारतात. जरा थांबा. ब्रेक चाकाला धरतो. गाडी थांबते ती टायरच्या पकडीने. टायरच गुळगुळीत झाले असतील, तर मोठी डिस्क काय करणार? शर्यतीचे पॅडही तापल्यावरच नीट धरतात. पेठेत अचानक मूल आडवे आले, तर थंड पॅड कमी पडतील.

तेव्हा आधी टायर पाहा, मग ब्रेक ऑइल, मग रस्त्यासाठी बनवलेले चांगले पॅड. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ते फार तापले, की त्यात वाफ धरते आणि पायाखालचे पेडल पोकळ लागते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावे. आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. त्याला पैसे पडत नाहीत.